तीन पोटांची सोसायटी

किस्से साठवावे लागत नाहीत. लग्नाच्या मांडवाबाहेर चपला साठतात तसे ते आपोआप साठतात. एक उचलायला वाकावं, तर हाताला भलत्याच जोडीतली लागते!

माझ्याकडं असे लई साठलेत. कुणी म्हणालं, "आजी, सुनेच्या ऑपरेशनचं सांगा ना," की मी विचारते, "कोणत्या? पहिल्या की दुसऱ्या?" मग विचारणारा मांडी घालून बसतोच.

तर ऐका. मांजरसुंब्याच्या घाटाखाली एक गाव होतं, आणि गावावर पाऊस रुसला होता. त्या गावात मी होते, सोजराबाई. माझा एकुलता लेक होता बाळू, सहकारी साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कामाला. त्याची बायको होती सुरेखा. राजाराणीसारखी राहायची दोघं. फक्त राजाच्या दोन्ही किडन्या बसल्या होत्या, आणि राणी एवढी वजनदार होती की दवाखान्यातला काटा तिला बघूनच घाबरायचा.

बाळूला हप्त्यातून दोनदा बीडला मशीनवर घालून त्याचं रक्त धुऊन आणावं लागे. डॉक्टर म्हणाले, किती दिवस धुणार? दुसऱ्या कुणाची किडनी बसवा. मी म्हणाले, माझी घ्या. तर मला शुगर निघाली. सुरेखाची तपासली. सगळं जुळलं, रक्त जुळलं, मांस जुळलं. आणि मग डॉक्टर म्हणाले, "बाई, एवढ्या वजनावर तुमची किडनी काढता येणार नाही. तुमच्याच जिवाला धोका आहे. आधी वजन उतरवा."

तिनं चालून बघितलं, उपास करून बघितलं, काढे पिऊन बघितले. वजन उतरेना, बाळूची तब्येत मात्र उतरत चालली. शेवटी शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटाचं ऑपरेशन करू, पोट लहान करू, मग उतरेल.

म्हणजे आमच्या घरात शर्यत लागली होती. तिचं वजन आधी उतरतंय, की माझा लेक आधी हातचा जातोय. पुढचे सगळे किस्से त्या शर्यतीच्या वाटेवरचे आहेत.

* * *

शहराच्या दवाखान्यात सुरेखाच्याच हप्त्यात आपल्या बीडकडच्या आणखी दोघांची पोटं लहान झाली.

एक धर्मापुरीचे आबासाहेब. मोठे बागायतदार, कारखान्याचे संचालक. मागंपुढं दोन माणसं असल्याशिवाय ते परसाकडंही जात नसत म्हणे. दुसरा बीडचा रशीद, जीपगाड्यांचा मेकॅनिक. एवढा जाड की गाडीखाली शिरायचं त्याला जमत नव्हतं. "अम्मा, मेकॅनिक गाडीखाली जात न्हाई म्हणल्यावर गिऱ्हाईक काय म्हणंल? हा मेकॅनिक हाय का मालक?"

ऑपरेशन झालं की दुसऱ्याच दिवशी नर्स उठवते आणि व्हरांड्यात चालायला लावते. चाललं नाही तर पायात रक्ताच्या गाठी होतात.

रशीद कण्हत चालायचा. सुरेखा दात-ओठ खात, सलाइनचा दांडा ढकलत, त्याच्याही पुढं चालायची. आबासाहेब मात्र खुर्चीत बसून होते. "दुखतंय. उद्या बघू."

नर्स सांगून थकली. डॉक्टर ओरडून गेले. आबासाहेब हलेनात.

सुरेखा समोरून चौथ्यांदा का पाचव्यांदा गेली तेव्हा त्यांना राग आला. "ए बाई! कावून एवढी पळायलीस? घरी जायची लई घाई झाली का?"

सुरेखा थांबली नाही. जाता जाता म्हणाली, "घरी न्हाई जायचं मला. माझं अजून एक ऑपरेशन बाकी हाय. नवऱ्याला किडनी द्यायचीय."

आबासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला, आईचं नाव घेतलं आणि उठले. दोन माणसं धरायला धावली, त्यांना म्हणाले, "सरका बे!"

व्हरांड्याच्या टोकाला रशीद टेकून उभा होता. आबासाहेब घामानं भिजलेले त्याच्याजवळ पोहोचले. तो म्हणाला, "या आबा. ह्या शर्यतीत आपण दोघं शेवटून पहिले!"

त्या दिवसापासून 'ए बाई'ची सुरेखाताई झाली.

* * *

महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीला शहरात जावं लागे. रशीदनं जीप काढायची, आबासाहेबांनी धर्मापुरीहून मांजरसुंब्याला यायचं, आम्ही सासू-सुना गावातून यायचं. भेटायची जागा चौकातला ढाबा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा ढाबेवाला हरखला. धर्मापुरीचे आबासाहेब, शिवाय दोन माणसं, तीही अशी घसघशीत! त्यानं दोन टेबलं जोडली. स्वतः फडकं मारलं. "बोला आबासाहेब, काय काय लावू?"

आबासाहेब म्हणाले, "एक वाटी वरणाचं पाणी. तीन चमचे."

तो हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. मग तिघं एका वाटीत चमचे बुडवून, एकेक घोट जिभेवर घोळवून गिळायला लागले. दोन-चार चमच्यांत तिघांचीही पोटं भरली. वाटीत अजून उरलेलं होतं!

ढाबेवाल्याचं तोंड उतरलं. हळूच माझ्याजवळ वाकून म्हणाला, "आजी, कोण गेलं?"

जीपमध्ये बसल्यावर आम्ही हसलो, पण आबासाहेब गंभीर होते. म्हणाले, "हे असंच होणार. लग्नात, बारशात, सोयऱ्याधायऱ्यांत. लोक विचारणार, आग्रह करणार, हसणार. एकट्या माणसाचा निभाव लागायचा न्हाई. सोसायटी काढू."

संचालक माणूस! सोसायटीशिवाय त्यांना दुसरं सुचणार काय? घाट चढेपर्यंत ठराव मंजूर झाले. कुणी कुणाला वजन विचारायचं नाही. कुणी कुणाला 'अजून एक घास' म्हणायचं नाही. आणि सभासदानं हाक मारली की हातातलं काम टाकून जायचं.

"अन् चेअरमन कोण?" रशीदनं विचारलं.

आबासाहेबांनी मागं वळून माझ्याकडं बोट दाखवलं. "मावशी. आपल्यात पोट न कापलेल्या त्याच एकट्या. चेअरमन भरल्या पोटाचाच पाहिजे, नसता सोसायटी खातो!"

* * *

आता पाण्याचं सांगते. हा किस्सा सांगताना मला अजून तहान लागते.

त्या साली गावाची विहीर कोरडी. टँकर यायचा, विहिरीत पाणी ओतायचा आणि आम्ही बाया दोर टाकून गढूळ पाणी शेंदायचो. जनावरं छावणीवर नेऊन बांधलेली, गोठे रिकामे.

आणि आमच्या घरात दोन हुकूम. बाळूच्या किडन्या पाणी बाहेर टाकत नव्हत्या. प्यायलेलं अंगातच साठायचं, छातीत चढायचं. म्हणून त्याला दिवसाला एक लहान बाटली, त्याच्यावर थेंब नाही. सुरेखाचं पोट एवढुसं झालेलं. एकदम पाणी प्यायलं तर उलटून पडायचं, म्हणून तिनं दिवसभर घोट घोट प्यायचं. पाणी कमी पडलं तर जी किडनी द्यायची तीच सुकायची.

एकाला म्हणायचं पी, एकाला म्हणायचं पिऊ नको. आणि प्यायला मुळात पाणी नाही!

कामात घोटाची आठवण राहत नाही. म्हणून रशीदनं युक्ती काढली. मिस्ड कॉल! तो गॅरेजमधून तिघांत मिस्ड कॉल द्यायचा. वाजला की एक घोट घ्यायचा आणि आपण उलटा मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे 'प्यायले'. दिवसभर आमच्या घरात फोन वाजायचा आणि कुणी उचलायचं नाही. शेजारीण म्हणाली, "सोजरामावशी, तुमच्या सुनेला कोण एवढं फोन करतंय?" मी म्हणाले, "पाणी करतंय."

पण मला एक कळलेलं नव्हतं. बाळूसमोर पाणी प्यायला सुरेखाचा जीव धजत नव्हता. तो ओठ चाटत बसायचा, हिचा घोट खाली उतरायचा नाही. म्हणून ती फोन वाजला की रिकाम्या गोठ्यात जायची. हळूहळू जाणंही टाळायला लागली. उलटा मिस्ड कॉल द्यायची, घोट घ्यायची नाही.

एका दुपारी टँकर आला. मी घागर घेऊन विहिरीवर. पाणी शेंदणाऱ्या बायांतली गंगूबाई मला ऐकू जाईल असं म्हणाली, "कलियुग हाय बाई! आपण खायला मिळंना म्हणून रडायलोत, अन् हिच्या सुनेनं मिळालेलं खाता येऊ नये म्हणून पोट कापून घेतलं!"

बाया हसल्या. मी दोर सोडला विहिरीत. बोलून काय उपयोग?

तेवढ्यात सरपंचाचा फोन वाजला. तो टँकरजवळच उभा होता. ऐकता ऐकता त्याचं तोंड पडलं. "सोजरामावशी, धर्मापुरीचे आबासाहेब हायेत. म्हणतात सुरेखाताईचा उलटा फोन आला न्हाई. दोनदा दिला, तिनदा दिला. रशीद बीडहून निघालाय. म्हणतात, आधी घरात बघा!"

मी घागर टाकून पळाले. घरात बाळू एकटा, खाटेवर. "ती गोठ्यात गेली आय. मघाशीच."

गोठ्यात सुरेखा गव्हाणीला टेकून पडली होती. ओठ पांढरे. हातात फोन, बाटली भरलेली, झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

गावात दुसरं वाहन नव्हतं. टँकर अर्धा ओतून झाला होता. ड्रायव्हर म्हणाला, "सगळा रिकामा होऊ द्या, मग निघतो. न्हाई तर हे लोक मला सोडायचे न्हाईत."

पुढच्या टँकरचा भरवसा नव्हता. तेव्हा गंगूबाई पुढं झाली, कासोटा खोवला आणि विहिरीतला पाइप दोन्ही हातांनी उपसून बाहेर फेकला. "पाणी काय, परवा येईल! उचला हिला!"

टँकरच्या केबिनमध्ये सुरेखाचं डोकं माझ्या मांडीवर. मागं अर्धा टँकर पाणी हिंदकळत होतं आणि इकडं तिच्या ओठाला थेंब नाही. चौकातल्या दवाखान्यात सलाइन लावली तेव्हा रशीदही येऊन पोहोचला. तिनं डोळे उघडले. तो रडायलाच लागला.

"ताई, झूट मिस्ड कॉल?"

संध्याकाळी आम्ही घरी आलो, बाळूला सगळं कळलं. त्यानं बाटलीचं झाकण उघडून तिच्या हातात दिली. मग म्हणाला, "सुरेखा, माझ्यापुढं बसून पीत जा. मी बघीन. डॉक्टरनं प्यायला बंदी केलीय, बघायला न्हाई."

* * *

आबासाहेबांच्या पुतणीचं लग्न धर्मापुरीत झालं. दुष्काळ होता, पण घर मोठं. आटोपतं म्हणता म्हणता मांडव भरलाच.

आपल्याकडं व्याही-पाहुणा घरच्या कर्त्याच्या तोंडात घास घालतो. तो घास खाल्ला नाही तर पाहुण्याचा अपमान. त्या दिवशी तालुक्यातले एक मोठे पुढारी आले होते, नवरदेवाकडून. ताटावरून उठले, पाकानं निथळणारी जिलबी उचलली आणि आबासाहेबांसमोर उभे राहिले. "आबा, आमच्या हातचा घास. नाही म्हणायचं न्हाई!"

पोट कापलेल्या माणसाला साखर म्हणजे वीज पडल्यासारखी. छाती धडधडते, घाम फुटतो, माणूस आडवा होतो. सगळ्यांसमोर सांगायचं कसं? आबासाहेबांनी ऑपरेशनचं घराबाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. 'वैद्याचं औषध चालू हाय' एवढंच. संचालकाची निवडणूक तोंडावर होती. आजारी म्हटलं की विरोधक टपलेले.

मांडव बघत होता. फोटोवाल्यानं कॅमेरा धरला. आबासाहेब म्हणाले, "साहेब, नंतर..." पुढाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. हात तसाच वर. जिलबीतून पाक ठिबकत होता. आबासाहेबांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

सुरेखानं माझा हात घट्ट धरला.

आणि मधे रशीद घुसला! हात जोडलेले, तोंड वासलेलं. "साहेब! आबासाहेबाचा पहिला घास माझा! त्यांनी मला भाऊ मानलंय, लहान्या भावाचा मान पहिला असतोय!" असा मान कुणी कधी ऐकला नव्हता. पण पुढाऱ्याला हसू आलं, लोक हसले, आणि अख्खी जिलबी रशीदच्या तोंडात गेली. फोटो निघाला. टाळ्या वाजल्या.

रशीद हसत हसत मांडवाच्या मागं गेला. आम्ही धावलो. तो जमिनीवर बसला होता. अंगातून घामाच्या धारा, हात थरथर कापत होते, डोळे फिरलेले. सुरेखानं त्याला कुशीवर झोपवलं. "घाबरू नका रशीदभाई, उतरंल. हळू श्वास घ्या. मी हाय."

पाहुण्यांना सोडून आबासाहेब आले. मातीत मांडी घालून बसले, लग्नाचं जरीचं उपरणं काढलं आणि त्यानं रशीदचं तोंड पुसायला लागले. भावकी मांडवाच्या फटीतून बघत होती. त्यांना बघू दिलं.

तास गेला असेल. रशीदला जरा बरं वाटलं. आबासाहेब म्हणाले, "कावून खाल्लीस बे? तू बी माझ्याच बोटीतला ना?"

रशीद म्हणाला, "आबा, तुमी पडले असते तर मांडव पडला असता. मी पडलो तर मेकॅनिक पडला. मेकॅनिक तर रोजच आडवा असतोय!"

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी कारखान्याच्या सभेत उभं राहून स्वतःच्या ऑपरेशनचं सांगून टाकलं.

* * *

पुढं अवघड दिवस आले. सुरेखाचं वजन उतरता उतरता थांबलं. अगदी थोडं बाकी होतं, आणि काटा हलेना. हप्ता गेला, दुसरा गेला. तिकडं बाळूच्या छातीत पाणी भरायला लागलं. बसून झोपायचा. बीडचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजी, फार थांबता येणार नाही."

सुरेखानं जेवणच सोडलं. जेवण म्हणजे तरी काय, वाटीभर! तेही. केस मुठीमुठीनं गळायचे. मी ताट पुढं केलं की म्हणायची, "आत्याबाई, एकेका घासानं ते मरायलेत."

मी सोसायटीला हाक मारली. दोघं आले. ठराव होता, वजन विचारायचं नाही. म्हणून अंगणात तिघंही गप्प. विचारायचं तेच विचारता येईना!

बाळूच खाटेवरून बोलला. "रशीद, जीप हाय ना? चला, माझ्या काट्यावर."

ऊस नव्हता, म्हणून कारखाना बंद होता. वजनकाट्याच्या पत्र्यावर धूळ. बाळूला धरून केबिनमध्ये बसवलं. आत गेल्यावर त्याचा आवाजच बदलला. "चढा तिघं! एकदम! एकेकट्याचं वजन घेत न्हाई हा काटा. गाडीचा काटा हाय."

तिघं पत्र्यावर उभे राहिले. आबासाहेब, रशीद, मधे सुरेखा. बाळूनं दोनदा बघितलं. दवाखान्यात शिरताना तिघांचं मिळून किती होतं ते त्याला तोंडपाठ होतं. म्हणाला, "तिघांनी मिळून एक अख्खं खोंड उतरवलंय. खोंड! सुरेखा, दररोज काट्यावर चढून खोंडाचे केस मोजतीस व्हय?"

सुरेखाला हसू आलं आणि रडूही. काट्याच्या पत्र्यावर खाली बसली. "पण थांबलंय ना ते! तुमचा दम थांबंल का तोवर?"

बाळू म्हणाला, "मी थांबतो. तू उपाशी राहिलीस तर तुझी किडनी घेणार न्हाई मी. उपाशी बाईचं काही घेऊ नये."

आबासाहेबांनी तिथंच ठराव मांडला, उपाशी राहील त्याचं सभासदत्व रद्द. रशीदच्या डब्यात बायकोनं दिलेली मऊ अंड्याची भुर्जी होती. तो एक चमचा खाऊन डबा पुढं सरकवायचा, मग सुरेखा, मग आबासाहेब. माझ्या जन्मात मी आबासाहेबांच्या घराण्याला दुसऱ्याच्या उष्ट्या चमच्यानं खाताना पाहिलं नव्हतं. कुणी 'अजून एक घास' म्हटलं नाही. चमचा नुसता फिरत राहिला.

वजन पुन्हा उतरायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यावर आलं, त्या दिवशी सुरेखानं माझ्या पाया पडायच्या आधी आबासाहेबांना फोन लावला. नुसतं म्हणाली, "झालं, आबा."

* * *

तरी एक दार बाकी होतं. किडनी द्यायची तर समितीपुढं बसावं लागतं. बाईवर कुणी जबरदस्ती केली नाही ना, ते बघतात. बरोबरच आहे त्यांचं. सुनांचं काय काय होतं ते मला का ठाऊक नाही?

समितीच्या खोलीबाहेर आम्ही बसलो. बाळूला चाकाच्या खुर्चीत आणलं होतं. शिपायानं आबासाहेबांना आणि रशीदला विचारलं, "तुम्ही बाईचे कोण?"

दोघं एकदम म्हणाले, "सभासद!"

आत सुरेखाला एकटीला नेलं. दार थोडं उघडं राहिलं होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"तुम्हाला किडनी द्या असं कुणी सांगितलं?"

"न्हाई. देऊ नको असं सगळ्यांनी सांगितलं. भाऊ म्हणाला देऊ नको. नवऱ्यानं महिनाभर अबोला धरला. सासू म्हणाली, लेकाचं नशीब लेकापाशी, तू जप."

"तुम्ही आधीच एक मोठं ऑपरेशन सोसलंय. पुन्हा कशाला?"

मग सुरेखाचा आवाज आला. "साहेब, लोक मला आयुष्यभर म्हणाले, बाई जास्तीची हाय. जास्तीचं होतं तेवढं टाकलं. आता जे हाय ते माझं हाय, अन् मी ते देणार हाय."

मग मला आत बोलावलं. मधल्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, "आजी, खरं सांगा. तुम्हाला लेक हवा म्हणून सुनेला पुढं केलं का?"

मी म्हणाले, "बाई, लेक एकुलता हाय. तशी सूनबी एकुलतीच हाय."

त्यांनी कागद पुढं ओढला आणि सही केली.

* * *

आणि मग तो दिवस.

सकाळी दोघांना शेजारशेजारच्या खोल्यांत नेलं. आधी सुरेखाला. जाताना तिनं बाळूच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "मी पुढं होते. या मागनं."

दार बंद झालं.

आबासाहेब व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. रशीद भिंतीकडं तोंड करून ओठ हलवत होता. मी देवाचं नाव घ्यायला बघत होते, तर देवाचं नावच आठवेना! दुपार झाली. कुणी खाल्लं नाही, कुणी कुणाला खा म्हणालं नाही.

पहिल्यांदा सुरेखाचे डॉक्टर बाहेर आले. "बाई ठीक आहेत. शुद्धीवर येतायत."

मी भिंतीला टेकले. अर्धा जीव आला. अर्धा आतच होता.

मग दुसरे डॉक्टर आले. "किडनी बसवलीय. पण काम करायला लागली का, ते थोड्या वेळात कळेल." तो थोडा वेळ! बाळूच्या अंगातून सालभरात एक थेंब लघवी झालेली नव्हती. नवी किडनी लागू पडली तर होणार, नाही तर सगळं पाण्यात.

नर्सनं मला हिरवा झगा घालून काचेपाशी नेलं. आत बाळू निपचित. नळ्याच नळ्या. खाटेखाली एक पारदर्शक पिशवी लटकत होती. रिकामी. मी त्या पिशवीकडं बघत राहिले. डोळे मिटायची हिंमत नव्हती.

आणि नळीत काहीतरी चमकलं.

एक थेंब. मग दुसरा. मग धार लागली, पिवळी, स्वच्छ, सरळ! पिशवीचा तळ झाकला. नर्स हसली आणि पिशवी उचलून काचेजवळ धरली. "आजी, बघा तुमच्या सुनेची करामत!"

मी दोन्ही हात जोडले त्या पिशवीला.

सुरेखा पलीकडच्या खोलीत होती. तिच्या कानाशी वाकून सांगितलं. डोळे मिटलेलेच होते, पण पाणी कानशिलावर ओघळलं. म्हणाली, "आत्याबाई, बाहेर त्या दोघांना सांगा आधी. ते उभे असतील."

उभेच होते. मी हातानंच दाखवलं, धार लागली म्हणून. रशीद जिन्याकडं पळाला.

मी खिडकीतून बघितलं. रशीद फाटकासमोरच्या दुकानातून नारळ घेऊन आला. आबासाहेबही खाली उतरले. रशीदनं नारळ त्यांच्या हातात दिला, आबासाहेबांनी त्याच्या हातात परत दिला. मग दोघांनी मिळून दवाखान्याच्या पायरीवर आपटला. पाणी उडालं.

दवाखान्याचा वॉचमन काठी घेऊन धावत आला. आपल्याकडचाच होता, बोलण्यावरून कळलं. "ओ पाहुणे! हे काय देऊळ हाय का? कशाचा नारळ?"

रशीद म्हणाला, "पाणी लागलं, भाऊ."

"पाणी? ह्या सालात? कुठं?"

रशीदनं बोट वर केलं, तिसऱ्या मजल्यावरच्या किडनीच्या वॉर्डाकडं.

वॉचमननं वर बघितलं. काठी बगलेत धरली, टोपी काढली, आणि तिसऱ्या मजल्याला वाकून नमस्कार केला.